मोठं आधी, बारीक मागून

माझी मुलगी मानकोलीच्या लॅबमध्ये प्लास्टिक तपासते. प्लास्टिक म्हणजे म्हणे लांब-आखूड साखळ्या. त्या रसायनात विरघळवायच्या आणि भोकाभोकांच्या बारीक मण्यांनी भरलेल्या नळीतून सोडायच्या. कोण कधी बाहेर पडतं त्यावरून लांबी कळते.

मी जन्मभर कापडाचा लूम चालवला. मला वाटलं, ही चाळणच. बारीक आधी पडणार. तसं बोललो तर बायको हसली.

"अवो, उलटं हाय. मोठं त्या भोकात शिरतच न्हाय, सरळ बाहेर पडतं. बारीक भोकाभोकात घुसत बसतं, म्हणून मागून येतं. बाजारात तुमी सरळ चालता न् मी दुकानादुकानात शिरते, तसं."

तिला हे पोरीनं शिकवलेलं. पोर रोज कामावरून आईला फोन करायची आणि आई विचारायची, "रेघेवर रेघ बसली का?" तोच माल पुन्हा सोडला तर कॉम्प्युटरवर रेघ तिथंच यायला हवी. येत नव्हती. माल नळीत चिकटायचा, उशिरा निघायचा. मग त्या तपासणीवर कोण भरवसा ठेवणार?

तेवढ्यात बायको गेली. दुपारी छातीत दुखलं, संध्याकाळी संपलं. वयानं मोठा मी. मोठं आधी बाहेर पडतं म्हणाली होती. खोटं बोलली.

पोर पुन्हा कामाला लागली, पण माझ्याशी जेवण वाढण्यापुरतंच बोलायची. रेघेचं विचारावं असं रोज वाटायचं. तोंड उघडत नव्हतं. ते विचारणं तिच्या आईचं होतं.

परवा बायकोचा फोन वाजला. तो मी अजून चार्ज करून ठेवतो, कशाला ते विचारू नका. उचलला.

"आई, बसली गं. सगळ्या रेघा एकावर एक..."

सवयीनं आईचाच नंबर लावला होता तिनं. मागं मशीनची घरघर तेवढी ऐकू येत होती.

"कशी बसली, बाय?"

"बाबा, तुम्हाला न्हाय कळणार."

"नको कळू दे. सांग."

रडत रडत सांगितलं तिनं. रसायनात चिमूटभर मीठ टाकलं, खायचं नव्हे, दुसऱ्या जातीचं. चिकटणं थांबलं.

"आईकडून शिकलीस," मी म्हटलं. "तिचा हात मिठाला सैलच."

ती हसायला गेली आणि तिला हुंदका आला. मलाही आवरेना. तिची कामाची वेळ होती, साहेब काय म्हणायचं ते म्हणो. फोन ठेवायचं दोघांनाही सुचलं नाही.