परमनंट झालो, पण आनंद होईना

मंडळी, आज सात वर्षांनी कंपनीनं परमनंटचं लेटर हातात दिलं. इतकी वर्षं कॉन्ट्रॅक्टवर चाकणला ये-जा केली ती याच कागदासाठी. आणि खरं सांगतो, काहीच वाटलं नाही.

लाइनवरच्या पोरांनी पेढा भरवला, "हस की राव!" म्हणत फोटो काढला. मी हसलो. फोटोत इतका खूश दिसतोय की माझी मलाच भीती वाटली.

कँटीनमध्ये दत्तूअण्णा शेजारी येऊन बसले. आमच्या लाइनवरचे सगळ्यात जुने, खेडकडचे. हळूच म्हणाले, "आत काय वाटंना ना? मला बी असंच झालं व्हतं. लई वाट बघितली की मन थकतंय. पर मी कुणाला बोललो न्हाई. तू तसं करू नको, घरी सांग."

आता कासारवाडीत आमच्या बिल्डिंगच्या जिन्यात बसून हे लिहितोय. हे असंच राहिलं तर?

वर बायको ओवाळायचं ताट घेऊन थांबलीय. या दिवसासाठी तिनं सात वर्षं सोमवार धरलेत.

तुमच्यापैकी कुणाला असं झालं असेल तर एवढंच सांगा. ओवाळून घ्यायच्या आधी बोलू, का नंतर?