क्लॅरिनेटवाल्याचे खालचे चार दात

"मॅडम, तुमी दात साफ केले का ढिले केले?"

खुर्चीत बसायच्या आधीच सुखदेवभाऊंनी विचारलं. दहा दिवसांपूर्वी मी त्यांचं स्केलिंग केलं होतं, म्हणजे दातांवरचं दगडासारखं कीटण काढलं होतं. कीटण निघालं की आधीच ढिले असलेले दात काही दिवस जास्त हलतात. हे मी सांगितलं होतं, पण बहुतेक घाईत.

सुखदेवभाऊ आमच्या दिग्रसमधल्या एका बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवतात. खालचा ओठ दातांवर दुमडून त्यावर वाद्याची पत्ती टेकवतात. दाब येतो खालच्या पुढच्या चार दातांवर, आणि नेमके तेच हलत होते. "दात गेले का मालक मले झांज देईन हाती," असं ते पहिल्याच दिवशी म्हणाले होते. पस्तीस वर्षं मिरवणुकीत पुढे चाललेल्या माणसाला ते सोसवणारं नव्हतं.

मी समजावलं. हिरडी दातापासून सुटते, मधे खिसा तयार होतो, तिथल्या घाणीने आतलं हाड झिजतं. गेलेलं हाड सहसा परत येत नाही, उरलेलं वाचवायचं. आता डीप क्लीनिंग, म्हणजे जागा बधिर करून मुळापर्यंत सफाई. नाही भागलं तर फ्लॅप, म्हणजे हिरडी उघडून सफाई आणि टाके. हलणारे दात आतल्या बाजूने बारीक तारेने एकमेकांना बांधता येतात. काढणं सगळ्यात शेवटी.

"म्हंजे काढाचं हायेच," ते म्हणाले. पण तयार झाले. मी डीप क्लीनिंग केलं.

महिन्याने आले तेव्हा बाकीच्या हिरड्या छान बसल्या होत्या. फक्त खालच्या एका दाताभोवती सूज आणि पू. एकाच दाताभोवती का? मला शंका आली. आमच्या भागात अशी शंका आधी खर्ऱ्यावरच, म्हणजे तंबाखू-सुपारीच्या मिश्रणावरच, जाते.

"खर्रा खाता ना, भाऊ?"

"म्या शिवलाबी नाही."

"मग हे कशाने झालं?"

"तेच तर म्या तुमाले इचारून राह्यलो."

पण त्या दाताला हात लावला की ते नजर फिरवत होते. लपवतोय काहीतरी, हे मला पक्कं वाटलं. आणि मी चिडले. रोग्याने खोटं बोललेलं मला खपत नाही. एक्स-रेत त्या दाताचं हाड आणखी गेलेलं दिसलं. मी सरळ सांगितलं, पू पसरण्याआधी दात काढावा लागेल.

ते म्हणाले, "जयंतीची मिरवणूक होऊ द्या. मंग काढा."

"तोवर शेजारचेही जातील."

त्यांनी होकारार्थी मान हलवली. मी इंजेक्शन दिलं. दात काढायचा चिमटा उचलण्याआधी सवयीने हिरडीच्या खिशात एकदा टोकदार हत्यार फिरवलं. काहीतरी अडकलं. कीटण खरखरतं, हे लवचिक होतं. हळूच ओढलं तर मेणचट, काळपटलेला दोरा बाहेर आला. दाताभोवती पूर्ण वेढा होता.

"हे काय, भाऊ?"

क्लॅरिनेटचे सांधे ढिले झाले की हे लोक त्यावर मेण लावलेला दोरा गुंडाळतात. सुखदेवभाऊंनी तोच उपाय दातांवर केला होता. वाजवायच्या आधी चारही दात दोऱ्याने आवळायचे, नंतर दोरा कापून काढायचा. एकदा एक वेढा हिरडीखाली सरकला. तो तुटून पडला असं त्यांना वाटलं.

"सांगितलं का नाही?"

"तुमी हसल्या असत्या. अन् खरं सांगू? तुमच्यावर भरोसा नव्हता."

माझा तरी त्यांच्यावर कुठे होता? खर्रा खाता का, हे मी विचारलं. दातांना घरी काय करता, हे एकदाही विचारलं नव्हतं. अजून पाच मिनिटं गेली असती तर तो दात माझ्या हातात असता.

चिमटा उचललाच नाही. खिसा धुतला, काही दिवसांनी पू थांबल्यावर चारही दात शेजारच्या सुळ्यांसकट तारेने बांधले. त्यांनी आरशात बघितलं.

"मॅडम, तुमीबी बांधलंच ना?"

"बांधलंच. फक्त हिरडीपासून लांब."

जयंतीची मिरवणूक क्लिनिकसमोरून गेली. सुखदेवभाऊ पुढेच होते. वाजवता वाजवता त्यांनी माझ्याकडे बघितलं, पण थांबले नाहीत. तो दात किती वर्षं टिकेल, मी सांगू शकत नाही. माझ्या केसपेपरवर मात्र आता तंबाखूच्या आधी एक ओळ आहे: घरी काय उपाय केला? विचारताना मी हसत नाही.