उभ्या जीपचे दिवे
किल्ली फिरवल्यावर नुसतं टक् वाजलं, की मला हट्टा गावातल्या घराच्या अंगणातली आमची जीप आठवते. अर्धांगवायूनं बाबांची उजवी बाजू गेली आणि वसमतच्या बाजारात हळदीची पोती नेणारी ती जीप लिंबाखाली उभी राहिली, ती राहिलीच. दिवेलागणीला आई देवापुढं दिवा लावायची आणि मग अंगणात जाऊन जीपचेही दिवे थोडा वेळ लावून ठेवायची. घरची लक्ष्मी अंधारात ठेवू नये, एवढंच तिचं म्हणणं. ओसरीतल्या बाजेवरून बाबा ते रोज बघायचे. दसऱ्याला झेंडूचा हार घालून आम्ही जीप चालू करायला गेलो, तर नुसतं टक्. मिस्त्रीला बोलावलं. तो म्हणाला, "उभ्या गाडीची बॅटरी आपोआप उतरती, पण इतकी न्हाई. दिवे कोण लावून राहिलं?" ओवाळायचं ताट घेऊन आलेली आई दारातच थांबली. बाबा जड जिभेनं म्हणाले, "कोनीच न्हाई. उभ्या उभ्याच उतरली." मिस्त्री बॅटरी घेऊन गेल्यावर मी हळूच विचारलं, "बाबा, काहून खोटं बोललात?" ते जीपकडं बघत म्हणाले, "बॅटरी काय, भरून आनता येती. तिनं दिवे लावले की वाटतं, मीच आत्ता बाजारातून आलो." आता माझी हायब्रिड गाडी फार दिवस उभी राहिली की तिचीही बॅटरी अशीच उतरते, पण ती खरंच आपोआप उतरते, गाडीचे दिवे लावणारं घरात कोणी नाही.