विहिरीत टाकलेली चावी

दोन हजार चोवीस साल, आणि हेमंत अवघा एकतीस वर्षांचा. माझा पुतण्या. मी चौथीपर्यंत शिकलेला, तरी हे मीच लिहिणार, कारण त्यात माझी चूक आहे.

नरडाण्याजवळ आमच्या दोन घरांत एक विहीर. मोटारीच्या पेटीला कुलूप, चावी एकच, खिळ्याला टांगलेली. पेटीत काम करणाऱ्याने खटका पाडून वीज तोडायची, कुलूप लावायचं, चावी खिशात घालायची. दुसऱ्याने वाट बघायची, मग तो सख्खा भाऊ का असेना. हेमंत तर खिसा वरून दोनदा चापून बघायचा.

तो जळगावला मोबाईलची कामं करायचा. घरबसल्या मोटार चालू-बंद करायचं ॲप त्याने आमच्यासाठी बनवलं. त्यात म्हणे दोन धागे, म्हणजे जणू दोन गडी, एकदमच चालतात. एक आपला हुकूम घेतो, दुसरा गेलेली वीज आली की मोटार पुन्हा लावतो. दोघं एकाच पाटीवर 'चालू' नाहीतर 'बंद' लिहितात, तिथं घोळ होतो. मी म्हटलं, "मग पाटीला कुलूप घाल, चावी एकच ठेव." तो हसतच सुटला. "नाना, हाईच तं लॉक शे! तुम्हले कोणी शिकाडं?"

मी अभिमानाने फुगलो... आता कुलूप ॲपमध्येच आहे म्हणत चार माणसं विहिरीवर बोलावली, कुलूप काढलं, खटका कायम चालू राहील असा तारेने वर बांधला आणि चावी पाण्यात टाकली. आठवड्याने हेमंतचा फोन, "लॉक लावानी एक जागा राहिनी शे, नाना. तोवर चावी सोडू नका." मी नुसतं हो म्हटलं.

रविवारी तो आला. मोटारीची तार जळालेली, वीजही गेलेली. "चावी कोठे शे?"

खरं सांगायची लाज वाटली. म्हणालो, "मोबाईलमा बंद कर ना! तुले तुन्हाच ॲपना भरवसा नही का?"

त्याने बंद दाबलं, फोन ठेवला. सवयीने रिकामा खिसा दोनदा चापला... आणि तारेला हात घातला.

दहाव्याला त्याच्या ऑफिसातली मुलगी आली. म्हणाली, "नाना, त्याने 'बंद' लिहिलं आणि त्याच क्षणी वीज आली. दुसऱ्या धाग्याने जुनं 'चालू' त्यावरून लिहून टाकलं. तेवढ्या एका जागी लॉक नव्हतं."

"होतं," मी म्हणालो. "मी काढलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी नरडाण्याहून नवं कुलूप आणलं. सोबत दोन चाव्या निघाल्या. एक खिळ्याला टांगली. दुसरी विहिरीत टाकली.