चूळबाई

पोराने चूळ भरून मोरीत थुंकल्याचं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय ती कोणाला दवाखान्याचा जिना उतरू देत नसे. म्हणून आम्ही दम्याच्या पोरांच्या आया तिला चूळबाई म्हणायचो. तोंडावर सिस्टर. इतवारीच्या बाजारात भांड्यांच्या दुकानावर लहान मुलांच्या एका डॉक्टरांचा दवाखाना होता, तिथे ती नर्स होती. अंगाने काटकुळी, पण खालच्या भांड्यांच्या आवाजावर तिचा आवाज चढायचा.

डॉक्टरांनी विलायतेहून एक मशीन आणलं होतं. पातळ औषधाचा ते धुक्यासारखा फवारा करी, आणि पोराने तो नाकातोंडावर मास्क लावून ओढायचा. आम्ही त्याला वाफ म्हणायचो. माझी रेखा तेव्हा पाच वर्षांची. कामठीला आमच्या घराला लागूनच मागांची शेड होती. सुताचा बारीक कचरा अन्नातसुद्धा पडे.

"मास्क गालाले चिकटला पाहिजे वं," चूळबाई म्हणे. "औषध छातीत जाऊ दे, तुझ्या पदराले दमा नाही." मग चूळ, मग ओल्या फडक्याने तोंड पुसणं. "नाहीतर तोंडात पांढरे चट्टे येतील. पोरगी जेवणार नाही अन् तू मले शिव्या देशील."

दोन महिन्यांत रेखाची धाप थांबली. बऱ्या पोरीला औषध कशाला, म्हणून मी आपल्या मनाने बंद केलं. थंडी पडताच दमा परत आला. चूळबाई म्हणाली, "छत्री उघडी होती म्हणून कोरडी होतीस. पावसातच मिटली काहून? कमी करायचं का बंद, ते डॉक्टर सांगतील."

रोज बसने इतवारी गाठणं होईना, तेव्हा डॉक्टरांना विचारून तिने जुनं मशीन आम्हाला घरी दिलं. सोबत दोन बाटल्या. चिठ्ठ्या इंग्रजीत, मी चौथी शिकलेली. तिने एकीला लाल दोरा बांधला.

"लाल दोरा धाप लागल्यावर. बिनदोऱ्याची रोजची. ती धापेच्या कामाची नाही, तिले दिवस लागतात. अन् लाल दोऱ्यानं उतरलं नाही, तर मशीनकडे पाहत बसू नको. पोरीले उचल अन् दवाखाना गाठ."

हे सगळं मी तिला पाठ म्हणून दाखवलं होतं.

शेजारच्या शांताच्या दिनूलाही दमा होता. आठ वर्षांचा. संक्रांतीच्या आदल्या दिवशी दुपारी ती त्याला कडेवर घेऊन धावत आली. त्याच्या बरगड्या आत ओढल्या जात होत्या, शब्द फुटत नव्हता. लाल दोऱ्याची बाटली आठवड्यापूर्वीच संपली होती. रेखा बरी, म्हणून मी दुसरी आणली नव्हती. वाटलं, काहीच नसण्यापेक्षा हे बरं. रोजचं औषध मशीनमध्ये घातलं.

"आता उतरेल वं," मी शांताला सांगत राहिले.

थोड्या वेळाने पोराची धडपड थांबली. आम्हाला वाटलं, उतरलं. तो थकला होता. मी त्याला चूळसुद्धा भरायला लावली. पाणी ओठांवरून खाली आलं. कामठीचा सरकारी दवाखाना दहा मिनिटांवर होता. आम्ही पोचलो तेव्हा दिनू गेला होता.

मी मशीन परत करायला इतवारीला गेले, घडलं ते सगळं सांगितलं. चूळबाईने ते घेतलं नाही, रागावलीही नाही. बाकावर एक नवी आई बसली होती. "हिले सांग वं," ती म्हणाली. "दिनूचं सांग."

पुढे प्रत्येक खेपेला तेच. एकदा मी चिडले. "माझी धिंड काहून काढून राहिल्या?"

ती मास्क धुत होती. "माझं बोलणं तुले पाठ होतं ना? काय उपयोग झाला? तू सांगितलेलं कोणी विसरणार नाही."

मी सांगत गेले. तिच्याबद्दल माया कमी होती, राग जास्त.

नोकरी संपल्यावर ती कन्हानला भावाकडे गेली. तिथे ती वारल्याचं मला तीन महिन्यांनी कळलं. शांता माझ्याशी परत कधी बोलली नाही.

आता रेखाच्या मुलाला दमा आहे. मशीन घरोघर झालं, औषध प्लॅस्टिकच्या इवल्या नळ्यांत येतं. चूळ तो न सांगता भरतो. धापेच्या नळ्यांच्या डब्याला मी लाल दोरा बांधलाय. रोज सकाळी उघडून बघते, किती उरल्यात.