जमिनीवर अंथरलेलं देवबाग

प्रदर्शनाची मांडणी माझ्याकडे होती. विद्यापीठात भूदृश्यरचना शिकणारी मुलं हिवाळाभर देवबागात येऊन-जाऊन अभ्यास करत होती. किनारा पुढं कसा असावा, याचे त्यांचे आराखडे गावातच, शाळेच्या हॉलमध्ये, दोन दिवस लावायचे होते. भिंतीला खिळा मारायचा नाही, ही मुख्याध्यापकांची अट. म्हणून खांबांना सुंभाच्या दोऱ्या ताणून कागद कपड्यांच्या चिमट्यांनी लावले. पंखा सुरू केला की सगळ्यांची पदवी फडफडायला लागायची.

मधली जागा मी माझ्या हौसेसाठी राखली होती. उपग्रहावरून घेतलेलं देवबागचं चित्र फ्लेक्सवर छापून जमिनीवर अंथरलं. एकीकडे समुद्र, दुसरीकडे खाडी, मध्ये माडांची हिरवी पट्टी. त्यावर वर्गात पहिल्या आलेल्या मुलीचा आराखडा. समुद्र आत येतोय, तर वाळूला हातपाय पसरायला जागा हवी. म्हणून तिनं रिकाम्या माडबागा निवडून तिथं काहीही न बांधता ती जागा समुद्राला सोडून द्यावी, असं सुचवलं होतं. परीक्षकांनी या कामाला ‘संवेदनशील’ म्हटलं होतं. न पाहिलेल्या कामालाही ते तेच म्हणतात, पण या खेपेला मलाही पटलं होतं. लोकांनी चपला काढून आपल्याच गावावरून फिरावं, अशी माझी कल्पना.

उद्घाटनाला आलेले पुढारी बुटांसकट समुद्राच्या मधोमध उभे राहिले. तिथं माईकची वायर पुरत होती. “हे नुसतं चित्र नाही,” ते म्हणाले. “हा आराखडा आम्ही अमलात आणणार.” टाळ्या पडल्या. जिच्या घरी आम्ही सगळे उतरलो होतो, रोज जेवत होतो, त्या काकीनंही वाजवल्या. नारळ फुटला, फोटो निघाला, गाड्या गेल्या.

मग काकी चपला काढून नकाशावर उतरली.

“माजा घर खंय आसा गो?”

“शोधा ना, काकी,” ती मुलगी कौतुकानं म्हणाली.

“ह्या देऊळ. हो रस्तो. ही आमची बाव.” काकी पायाच्या अंगठ्यानं दाखवत चालली आणि थांबली. “मगे माजा घर हयसर व्हया. हय तर नुसते माड.”

“ती आराखड्यातली रिकामी बाग आहे, काकी. तिथं घर नाहीये.”

“माडाखाली कोण रवता मगे?”

मुलगी वाकली, गुडघ्यांवर बसली, आणि तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला. मीही वाकून पाहिलं. विहिरीशेजारी फक्त झावळ्यांच्या चांदण्या होत्या. कौलांचा एक लाल ठिपका नाही. महिनोन्महिने आम्ही संगणकावर हे चित्र मोठं करकरून पाहिलं होतं. जिच्या पडवीत बसून हा आराखडा रंगवला, ती पडवीच आराखड्यात नव्हती. आणि एवढ्यात त्या आराखड्यावर टाळ्याही पडून गेल्या होत्या.

“म्हंजे माजा घर जातला?” काकीनं हळूच विचारलं. आवाज चढला असता तर बरं वाटलं असतं.

मुलांबरोबर आलेल्या प्राध्यापकांनी बाजूला जाऊन पुढाऱ्यांच्या मदतनिसाला फोन लावला. तो फार नम्र होता. “घोषणा झाली ती झाली, सर. पण टेन्शन घेऊ नका. साहेबांच्या घोषणा कोण एवढ्या मनावर घेतो?” प्राध्यापकांनी हे काकीला जमेल तेवढ्या आदरानं सांगितलं. आयुष्यात इतकं खरं आणि इतकं निरुपयोगी आश्वासन मी ऐकलेलं नाही.

मुलीनं माझ्या पेटीतला कटर उचलला. “अगं, हे विद्यापीठात न्यायचंय,” प्राध्यापक म्हणाले. तिनं त्यांच्याकडे पाहिलंही नाही. विहिरीपासून रस्त्यापर्यंतचा हिरवा तुकडा कापून तिनं काकीच्या हातात दिला. नकाशात तिथं शाळेची फरशी दिसू लागली.

काकीनं तो तुकडा उलटसुलट पाहिला.

“ह्या कापलंस, बरा केलंस. पण तो बोललो ता खंयच्या कातरीन कापतलंस?”

तिनं तुकड्याची गुंडाळी करून काखेत मारली, चपला शोधल्या आणि चुलीवर भात ठेवायला घरी गेली. आम्हाला जेवायला तिथंच जायचं होतं.