बाळगोंडाअण्णांची थरथरणारी जीप

मी आयुष्यभर मोटारी दुरुस्त केल्या. बिघाड असतो आणि त्याला कारण असतं, यापलीकडं माझी कशावर श्रद्धा नव्हती. घरचे लोक उतारे टाकायचे, अंगारे लावायचे, मी हसायचो. आजही माझा अशा गोष्टींवर विश्वास नाही… तरी हे लिहून काढतोय, कारण यातला एक सांधा मला आजतागायत जुळवता आलेला नाही.

दुसरी लढाई संपून वर्ष झालं असेल. मी सव्वीस वर्षांचा होतो. येळ्ळूरहून रोज सायकलनं बेळगावला यायचो आणि खडेबाजाराच्या मागच्या गल्लीत दस्तगीर मिस्त्रींच्या गॅरेजात काम करायचो. त्यांना आम्ही सगळे मामा म्हणायचो. पन्नाशीचा माणूस, अंगानं काटक, बोलायला तिखट.

तेव्हा लष्करानं वापरून टाकलेल्या जीपगाड्या लिलावात निघत होत्या. निपाणीचे तंबाखूचे व्यापारी बाळगोंडाअण्णा यांनी तसली एक घेतली. शेतातनं, ओढ्यातनं कुठंही जायची. पण सडकेवर तीस मैलांचा वेग आला आणि पुढचं चाक एखाद्या खड्ड्यात आपटलं, की पुढचा सगळा भाग थडथडायला लागायचा. स्टिअरिंग हातातनं हिसकून घ्यायचं. गाडी जवळजवळ थांबवल्याशिवाय ते बंद व्हायचं नाही. अण्णांचा ड्रायव्हर संकेश्वरजवळ गाडीसकट शेतात गेला, आणि मनगट मोडून घरी बसला. मग लोक म्हणायला लागले, या गाडीत कुणीतरी सोल्जर मेलाय.

"सोल्जर असंल तरी कुठल्या तरी सांध्यातच बसला असंल की," मामा म्हणाले. "चल, सांधा हुडकू."

ती गाडी बेळगावपर्यंत आणणं धोक्याचं, म्हणून आम्हीच सकाळच्या सर्व्हिस मोटारनं निपाणीला गेलो. आधी मी चालवून बघितली. खरं सांगतो, तळहात सोलवटून निघाले. मग अण्णांच्या वखारीच्या अंगणात आम्ही एकेक गोष्ट तपासत गेलो. चाकांच्या बेअरिंगा ठीक. टायर बदलून पाहिले, फरक नाही. दोन्ही चाकं सरळ आहेत का ते दोरी धरून मोजलं, तेही बरोबर. शेवटी मामा गाडीखाली उताणे झोपले आणि मला म्हणाले, "स्टिअरिंग नुसतं डावं-उजवं हलव. हळू. कोण आधी हलतंय नि कोण मागनं, ते बघतो."

दोन मिनिटांत खालून आवाज आला, "सापडला रं सोल्जर!"

जीपमध्ये पुढच्या आसावर एक तिकोनी तुकडा असतो. स्टिअरिंगकडनं आलेला दांडा आणि दोन्ही चाकांकडं जाणारे दांडे त्याच तुकड्याला जोडलेले. तो तुकडा एका जाड पिनवर फिरतो. ती पिन आणि तिच्याभोवती बसणारी नळी, म्हणजे बुश, झिजलं होतं. मामांनी पिन ठोकून बाहेर काढली, फडक्यानं पुसली, मला दाखवली. एका बाजूनं खाल्लेली.

"लेथवाल्याला विचारून ये, आज नवी करून देतोस का," ते म्हणाले. "न्हाय म्हणला तर हीच परत घालू नि सावकाश जाऊ."

लेथचं दुकान बंद होतं. अर्ध्या तासानं परत आलो तर मामा जीपशेजारी जमिनीवर, गुडघे पोटाशी घेऊन पडलेले. तोंडाचा रंग उतरलेला. जवळ गौराक्का बसली होती. वखारीत तंबाखू चाळणाऱ्या बायकांची ती मुकादम.

"एकाएकी कळ आली रं त्यांस्नी," ती म्हणाली. "डाक्टरला बोलावलंय."

डॉक्टर आले, पोट चाचपून म्हणाले, "आतडं अडकलंय. इथं काही होणार नाही. आजच्या आज बेळगावला ऑपरेशन झालं पाहिजे. उशीर केलात तर माणूस हातचा जाईल."

अण्णा स्वतःची मोटार घेऊन कोल्हापूरला गेलेले. सर्व्हिस मोटार संध्याकाळी. राहिली जीप. हत्यारं सगळी पेटीत भरून ठेवलेली दिसली. मी मामांच्या कानाशी वाकलो.

"मामा, बसवलं न्हवं सगळं?"

त्यांनी मान हलवली. मला ती होकाराची वाटली.

मागं पोत्यांवर मामांना निजवलं, अंगावर त्यांचाच कोट टाकला. गौराक्का आपणहून चढली. "एकटा कसा सांभाळशील रं? चल, मी धरते."

निपाणी सोडली की तवंदीचा घाट लागतो. तिथं मी फार जपून चाललो, कारण झिजलेली का होईना, पिन तीच होती असं मी धरून चाललो होतो. गाडी मात्र लोण्यासारखी वळत होती. घाट उतरल्यावर मागं मामांचं कण्हणं वाढलं आणि मी वेग वाढवला. तीस… पस्तीस. खड्डे आले, गेले. स्टिअरिंगला साधा कंप नाही! मनात म्हटलं, मामांनी काहीतरी पाचर मारून सांधा आवळला असणार. संकेश्वर, हत्तरगी, मग वंटमुरीचा घाट. सगळं त्याच वेगात.

चारच्या सुमाराला बेळगावात दवाखान्याच्या आवारात शिरलो. मामांना तडक आत नेलं.

एक टांगा मागं खोळंबला होता, म्हणून जीप बाजूला घ्यायला मी परत चढलो. स्टिअरिंग फिरवलं… ते गरागरा फिरलं. पुढची चाकं जागची हलली नाहीत.

खाली वाकून बघितलं. तो तिकोनी तुकडा दांड्यांना लोंबकळत होता. पिनची जागा रिकामी. पहिला विचार आला तो नशिबाचा. पिन आत्ताच, इथंच पडली असणार. मी आवार धुंडाळलं, फाटकाबाहेर पाव मैल रस्ता वाकून बघत गेलो. पिन नाही.

परत आलो तर गौराक्का व्हरांड्यात बसलेली, मांडीवर मामांचे कपडे. "धर हे. कोट लई जड हाय," ती म्हणाली.

आतल्या खिशात फडक्यात गुंडाळलेली पिन होती.

"गौराक्का, हत्यारं पेटीत कुणी भरली?"

"मीच की. कुणी उचलून नेतील म्हणून."

दुसऱ्या दिवशी गॅरेजातल्या आम्ही तिघांनी ती जीप ढकलून गॅरेजला न्यायचा प्रयत्न केला. दहा हातसुद्धा सरळ जाईना. एक चाक आत वळायचं, एक बाहेर. शेवटी पुढचा भाग बैलगाडीला टांगून न्यावी लागली. पन्नास मैल आणि दोन घाट मी तीच गाडी चालवून आलो होतो.

मामा वाचले. बोलायला लागल्यावर मी पहिलं तेच विचारलं. ते म्हणाले, "तू दुसरा एखादा बोल्ट घातलास नि इसरलास. घाबरलेला माणूस इसरतो." मी शपथा घेतल्या. गाडीखाली गेलोच नव्हतो, गौराक्का साक्षीला होती. ते ऐकेनात. आठ-दहा दिवस आमचं बोलणं बंद होतं. पुढं नवी पिन, नवं बुश घातलं, अण्णा गाडी घेऊन गेले. तिनं पुन्हा त्रास दिला नाही.

बऱ्याच वर्षांनी मामांनी गॅरेज माझ्या हवाली केलं. त्या दिवशी दुपारी चहा पिता पिता ते आपणहून म्हणाले, "तवंदीच्या घाटात मी कळवळत होतो न्हवं, तवा हात कोटाच्या खिशात गेला. पिन लागली हाताला."

मी विचारलं, "मग बोलला का न्हाई?"

"तू स्टिअरिंग वळवत हुतास. गाडी वळत हुती. बोललो असतो तर तू थांबला असतास. मग?"

"आणि इतकी वर्षं मला खोटं पाडलंत ते?"

"मला तरी काय ठाऊक रं, काय सांगायचं ते," मामा म्हणाले आणि कप खाली ठेवला.

मला आधी राग आला. मागं गौराक्का होती, तिला दोन लेकरं होती. गाडीतले आम्ही तिघंही दरीत गेलो असतो. पण त्यांच्या जागी मी असतो तर काय केलं असतं, हेही मला सांगता येत नाही.

नंतर मी त्या जातीच्या कितीतरी गाड्या उघडल्या. पिन काढून मुद्दाम चालवून बघितलं, एका मोकळ्या माळावर. वीस पावलांत गाडी आडवी झाली. कारण सापडलं नाही. वाचकांत कुणी मोटारीतला जाणकार असेल तर त्यानं जरूर कळवावं. फक्त बोल्ट घातला असशील, असं मात्र लिहू नये.